चिमणी नि डक्टला पत्रा मारायचाय? आधी पाणी कुठून शिरतंय आणि वारा कधी सुटतो ते बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे चुकत असेन तर लगेच सांगाल. कुडाळच्या पुढे समुद्राच्या अंगाला तुमचा छोटा काजू कारखाना आहे, बेबी बॉयलरची १० मीटर उंच आणि २५० मिलिमीटर व्यासाची चिमणी आहे, आणि बोर्माकडे (काजू सुकवायच्या भट्टीकडे) जाणारा गरम हवेचा चौकोनी डक्ट आहे. दोन्हीवरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवायला गुंडाळलेली वूल आणि तिच्यावरचा पत्रा, तीन वर्षांत गेलं, पत्रा गंजून लोंबतोय, आतली रॉकवूल (दगडाच्या तंतूंची गादी) भिजून खाली बसलीय. कॉन्ट्रॅक्टर २६ गेजचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पत्रा म्हणतोय, पण त्याचे पैसे जास्त वाटतात म्हणून आपलीच दोन पोरं दोरीने वर चढवून मिरगाच्या आत उरकायचा विचार आहे, तेव्हा पत्रा कुठला घ्यायचा आणि काम सेफ कसं करायचं तेवढं सांगा. बरोबर ना?

मी चिपळूणला राहतो, लोटे-परशुराम एमआयडीसीत लॅगिंगची कामं घेतो, हेल्पर म्हणून लागलो तिथपासून धरलं तर २४ वर्षं झाली. पत्रा कुठला हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, तो दोन ओळींत सांगून होईल. अवघड भाग वेगळा आहे. तुमचा आधीचा पत्रा नेमका कशाने गेला ते न बघता नवीन मारलात तर तोही तसाच जाणार, आणि ती दोन पोरं वर चढून हातात पत्रा धरून समुद्रावरच्या वाऱ्यात उभी राहणार त्याचं काय. या दोन गोष्टींवरच जास्त लिहितो.

आधी पाणी. लॅगिंगवरचा पत्रा म्हणजे कौल आहे असं समजा. कौलं शाकारताना वरचं कौल खालच्यावर चढतं, उलटं कोणी घालत नाही, पण हाच माणूस चिमणीवर पत्रा मारायला लागला की वरून सुरुवात करतो कारण वरून खाली उतरत येणं त्याला सोयीचं पडतं, आणि मग खालचा तुकडा वरच्यावर चढतो. झालं, प्रत्येक जोडात पावसाला आत जायला वाट. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही सरळ न पडता नैऋत्येकडून आडवा मारणारा. म्हणून चिमणीवर काम खालून वर जायचं, प्रत्येक वरचा तुकडा खालच्यावर कमीत कमी ५० मिलिमीटर चढला पाहिजे, आणि उभा जोड पश्चिमेला नि दक्षिणेला न ठेवता पूर्वेच्या अंगाला फिरवायचा. आडव्या गोल डक्टला उभा जोड नसतो, तिथे लांबीचा जोड घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी आणायचा, तोंड खाली करून. तुमचा डक्ट चौकोनी आहे, त्याची डोक्यावरची बाजू सपाट असते आणि तिथे पाणी साचतं, त्यासाठी वरच्या पत्र्याला मधून कोनात हलकी घडी मारून उतार काढायचा आणि दोन्ही बाजूंनी खाली कडेवर वळवायचा. सपाट ठेवलात तर रॉकवूल एका जागी दबते, तिथे तळं होतं आणि स्क्रूच्या भोकातून ठिबकत राहतं.

पाणी आत गेलं की बिघडतं काय, तर नुसती वूल भिजत नाही. चिमणीचा एमएसचा (साध्या लोखंडाचा) पत्रा गरम, बाहेरून बंद, मध्ये ओली वूल आणि वर खारी हवा. साधारण ५० ते १७५ अंशांच्या मध्ये चालणाऱ्या लोखंडाला हा सगळ्यात वाईट आजार, बाहेरून काही दिसत नाही आणि आत पापुद्रे सुटत जातात. एका कंपनीत आम्ही वरून चकचकीत असलेलं लॅगिंग उघडलं तर आतल्या डक्टला स्क्रूड्रायव्हर टेकवला तसा आरपार गेला. तुमचा बॉयलर रोज पेटतो आणि रात्री थंड होतो, म्हणजे रोज दोनदा त्या पट्ट्यातून जातो. त्यामुळे जुना पत्रा काढल्यावर सरळ नवीन वूल गुंडाळू नका. आतली चिमणी वायर ब्रशने साफ करा, हातोडीने हलकं ठोकून बघा, जिथे आवाज बसका येतो तिथली जाडी मोजून घ्या, गरज असेल तर तो तुकडा बदला, मग हीट रेझिस्टंट ॲल्युमिनियम पेंट मारा, तो वाळू द्या आणि मगच वूल. चिमणी पोकळ झालेली असेल तर पत्रा कितीही भारी आणलात तरी पुढच्या वादळात सगळं एकत्रच खाली येईल. निसर्गच्या वेळी, ३ जून २०२० ला, श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंत काय काय उडालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आपल्या किनाऱ्याला घासून वर गेलं.

आता पत्रा. समुद्राजवळ २६ गेजचा जीआय घेऊ नका. २६ गेज म्हणजे ०.४६ मिलिमीटर, गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो हे दुकानदार सांगत नाही, म्हणून मायक्रोमीटर लावून मिलिमीटरमध्येच मोजून घ्या. ॲल्युमिनियम घ्या, २२ गेज म्हणजे ०.७१ मिलिमीटर, ३००३ ग्रेडचा मिळाला तर उत्तम. पैसे जास्त जातील पण वजन तेवढ्याच जाडीच्या जीआयच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतं, आणि वर चढवायचं असेल तेव्हा ही गोष्ट पैशापेक्षा मोठी. चिमणीचा खालचा माणूसभर उंचीचा भाग मात्र मी स्टेनलेसचा करतो. तिथे ट्रॉल्या आपटतात, आणि दुसरं कारण म्हणजे तुम्ही टरफलं जाळता. टरफलातल्या तेलाचा धूर थंड चिमणीत डांबरासारखा थर धरतो आणि तो थर कधीतरी पेटतो, ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. चिमणीला लॅगिंग करायचं एक मोठं कारणही हेच आहे, चिमणी गरम राहिली की थर कमी धरतो आणि ड्राफ्टही (धुराची वर जायची ओढ) चांगला लागतो, हात भाजू नये एवढ्यापुरतं ते नसतं.

ॲल्युमिनियम घेऊन लोक दोन ठिकाणी माती खातात. एक, स्क्रू साधे लोखंडी लावतात. खाऱ्या हवेत त्याचा गंज आधी ओघळतो आणि मग भोक मोठं होत जातं. स्टेनलेसचे स्क्रू आणि खाली ईपीडीएमचा (रबरी) वॉशर, किंवा ॲल्युमिनियमचे पॉप रिवेट. दोन, आत वूल धरून ठेवायला आणि पत्रा टेकायला ज्या एमएसच्या रिंगा लावतात त्या सरळ ॲल्युमिनियमला टेकतात. ओलावा आला की लोखंडाला टेकलेलं ॲल्युमिनियम खाल्लं जातं, शिवाय तेवढ्या पट्ट्यावर उष्णता बाहेर येते आणि हात लागला तर फोड येतो. रिंगेवर सिरॅमिक पेपरची किंवा ग्लासक्लॉथची पट्टी गुंडाळा, दहा मिनिटांचं काम आहे. आणि सीलंट घेताना ट्यूब उघडून वास घ्या, व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती परत करा, ते ॲसिडवालं सिलिकॉन असतं आणि ते धातूला खातं. न्यूट्रल म्हणून मागा.

तुमचा डक्ट चिऱ्याच्या भिंतीतून जातो असं लिहिलंय, तिथे अजून एक. भिंतीचं भोक गवंडी सिमेंट भरून छान बुजवून देतो आणि ओलं सिमेंट ॲल्युमिनियमला चाटून जातं. तिथे पत्र्याभोवती इंचभर जागा सोडून सिरॅमिक वूल भरायची, बाहेरून वेगळी फ्लॅशिंग (पाणी अडवणारी पत्र्याची पट्टी) लावायची. आणि चिमणी कौलातून वर जाते तिथे वासा-रीप उघड्या चिमणीपासून दीड फुटाच्या आत असेल तर आधी सुताराला बोलवा. रीप काळी पडलेली दिसली की समजा ती बरीच वर्षं भाजत आलीय.

आता एक गोष्ट जी बहुतेक जण विसरतात, चिमणी वाढते. १० मीटरची चिमणी ३० अंशांवरून २३० वर गेली की साधारण २४ मिलिमीटर लांब होते, जवळजवळ एक इंच. बाहेरचा पत्रा तेवढा तापत नाही, तो जिथल्या तिथे. मग वरच्या टोकाला पत्रा आणि चिमणी एकमेकांना स्क्रूने बांधली की काय होणार? एकतर स्क्रू तुटतो नाहीतर पत्रा फुगतो, आणि वरचं तोंड उघडलं की पाऊस सगळा आत. वरची टोपीसारखी कॉलर चिमणीलाच वेल्ड करायची, ती पत्र्याच्या बाहेरून खाली १०० मिलिमीटर तरी लोंबली पाहिजे आणि पत्र्याला अजिबात बांधायची नाही, म्हणजे चिमणी खालीवर झाली तरी कॉलर पत्र्यावरून सरकते. तुमचं तीन वर्षांत गेलं ते माझ्या अंदाजाने इथूनच गेलं असावं. वूल खाली बसलीय म्हणताय ना, पाणी वरून आलं की ती तशीच बसते. तरी अंदाजच आहे, खोलून बघितल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही.

आता वारा आणि माणसं.

८ बाय ४ चा २२ गेज ॲल्युमिनियमचा अख्खा पत्रा पावणेसहा किलोच्या आसपास भरतो, एक हेल्पर हसत उचलतो. पण त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ तीन चौरस मीटर, आणि ताशी ३६ किलोमीटरचा वारा त्यावर सरळ लागला तर वीस-बावीस किलोचा धक्का बसतो. म्हणजे ते शीडच, होडीचं. मी हे पुस्तकातून शिकलो नाही. एका बंदराजवळच्या कारखान्यात दुपारी तीनला अर्धा कापलेला पत्रा वर दिला, झोत आला, पोराने पत्रा सोडला नाही म्हणून तळहात कापला गेला, आणि सोडला असता तर खाली मी उभा होतो. सात टाके पडले त्याला. चूक माझीच, सकाळी वारा नव्हता म्हणून दुपारीही नसेल असं धरून चाललो, आणि आपल्याकडे अकरानंतर समुद्रावरून वारं सुटतं हे शेंबडं पोरही सांगेल. तेव्हापासून पत्रा वर द्यायचं काम सकाळी सहा ते दहा, नंतर फक्त खालची कामं.

आणि अख्खा पत्रा वर न्यायचाच नाही. तुमची चिमणी २५० ची, त्यावर दोन्ही बाजूंनी ५० मिलिमीटर वूल म्हणजे बाहेरून ३५० झाली, तिचा घेर ११००. एका ८ बाय ४ च्या पत्र्याचे १२२० बाय ६१० चे चार तुकडे पडतात. घेरात ५० चा ओव्हरलॅप धरून जास्तीचं कापून टाका, खालीच रोलिंग करा, कडेला बीड (उठावाची रेघ) मारा, उभ्या जोडाची भोकं पण खालीच पाडा. असा तुकडा सव्वा-दीड किलोचा होतो, तो उघडून चिमणीला मिठी मारल्यासारखा बसवायचा, पट्टा आवळायचा आणि रिवेट मारायचे. ५० चा लॅप वजा जाता एक तुकडा ५६० झाकतो, १० मीटरला १८ तुकडे, पाच पत्र्यांत काम झालं. वर ड्रिल कमी चालवायला लागतं हा पण फायदाच, कारण वर जी भोकं पाडतात ती लांब बिटने पाडतात आणि ते बिट सरळ चिमणीत घुसतं. मी स्वतः शिकाऊ असताना एका डक्टला अशी दोन भोकं पाडलीत आणि फोरमनने दिलेल्या शिव्या अजून लक्षात आहेत. बिटवर स्टॉपर म्हणून जुन्या पाइपाचा तुकडा घाला, १५ मिलिमीटरच बाहेर दिसला पाहिजे. ड्रिल बॅटरीवालं, वायरचं असेल तर ३० मिलिॲम्पियरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पाहिजेच.

पण खरं विचाराल तर वर चढायचंच कशाला? तुमच्या चिमणीला फ्लँज (बोल्टने जोडायच्या कडा) आहेत का बघा. १० मीटरची अशी चिमणी बहुतेक दोन-तीन तुकड्यांत बोल्ट केलेली असते. बॉयलर बंद करून हायड्रा (छोटी फिरती क्रेन) अर्ध्या दिवसासाठी भाड्याने घ्या, चिमणी उतरवा, शेडमध्ये घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) ठेवा, साफसफाई, पेंट, लॅगिंग सगळं जमिनीवर करा आणि परत उभी करा. हायड्राचे पैसे परांचीच्या पैशांपेक्षा कमीच पडतील असं माझ्या अनुभवावरून वाटतं, आणि पोरं घरी धड जातील. फक्त पट्टा लावायच्या जागा आणि फ्लँजच्या वर-खाली अर्धा फूट उघडं ठेवा, ते उभं केल्यावर झाका, नाहीतर हायड्राचा पट्टा नव्या पत्र्याला चिरडतो. ताणाच्या तारा सोडायच्या आधी चिमणी हायड्राने धरलेली असली पाहिजे, उलटं नाही. आणि उतरवणारा, खुणा करणारा माणूस जाणता पाहिजे, ते काम पोरांचं नाही. गंजून फ्लँजचे बोल्ट निघत नसतील, किंवा हायड्रा पोचायला रस्ता नसेल, तर हा मार्ग बंद, हे तुम्हालाच जागेवर ठरवायला लागेल.

वरच करायचं ठरलं तर दोरीने चढणं विसरा. पाइपची परांची चिमणीभोवती चारी बाजूंनी उभी करा, बांबू-काथ्याची नको, ती भिंतीला किंवा शेडच्या कॉलमला बांधा आणि चिमणीला अजिबात नाही, २५० मिलिमीटरची चिमणी माणसांचं वजन आणि वारा एकत्र घ्यायला बनवलेली नसते. हार्नेस फुल बॉडी, कमरेचा पट्टा नाही, आणि दोन दोऱ्यांवाला, म्हणजे एक हूक सोडायच्या आधी दुसरा लागलेला. हूक डोक्याच्या वर लावायचा. हूक लॅगिंगच्या पट्ट्याला, ताणाच्या तारेला, शिडीच्या पायरीला लावलेले मी पाहिलेत, त्याला अडकवणं म्हणत नाहीत. शॉक ॲब्सॉर्बरवाली दोरी पडताना उघडून लांब होते, खाली सहा मीटरच्या आसपास मोकळी जागा नसेल तर माणूस दोरी ताणायच्या आधीच जमिनीवर असतो, म्हणून खालच्या टप्प्यात हार्नेसपेक्षा परांचीचं रेलिंग आणि फळ्या जास्त कामाच्या. आणि कोणी लटकलाच तर त्याला दहा-पंधरा मिनिटांत खाली कसं घेणार ते आधी ठरवा, पट्ट्यात नुसतं लटकून राहिल्यानेही माणूस जातो. फायर ब्रिगेड येईपर्यंत वाट बघू असं म्हणायचं असेल तर तुमच्याकडून गाडी किती वेळात पोचते ते एकदा घड्याळ लावून मनाशीच मोजा.

डक्टवर उभं राहायचं नाही. हे वेगळं सांगतो कारण सगळे राहतात. आधीच गंजलेला पत्रा, त्यावर मऊ वूल, त्यावर ०.७१ चा पत्रा, पाय पडला की जोड उघडतो, आणि नशीब खराब असेल तर पाय आत. डक्टच्या बाजूला फळी टाका.

काम चालू असताना बॉयलर पेटलेला नको. "फक्त थोडासा पेटता ठेवतो, माल वाफवायचाय" असं मालक म्हणतात, वर तोंडापाशी काम करणाऱ्याला धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. फॅनची स्विच बंद करून कुलूप लावा आणि किल्ली वर चढणाऱ्याच्या खिशात.

जुनी वूल काढताना पोरांना फुल बाह्यांचे कपडे, गॉगल आणि चांगला मास्क द्या, तोंडाला रुमाल नाही. ती भिजवून, गोणीत भरून बांधा, बागेत टाकू नका. पण बॉयलर जुना असेल आणि दाराला, फ्लँजला पांढरी जाड दोरी किंवा पांढरा पुठ्ठ्यासारखा पत्रा दिसला तर हात लावू नका, ती ॲसबेस्टॉस असू शकते. सुकी खरवडायची नाही, लॅबला तुकडा दाखवून मगच पुढे.

वीज पडायची भीती आपल्याकडे मे आणि ऑक्टोबरला असते, चिमणीला अर्थिंगची पट्टी असेल तर लॅगिंग करताना ती कापून पोरं बाजूला टाकतात आणि परत लावत नाहीत. ती परत जोडली का ते स्वतः बघा. आभाळ गडगडायला लागलं की काम बंद, परांचीवरून सगळे खाली.

पहिल्यांदा पेटवाल तेव्हा घाबरू नका, नव्या वूलमधला रेझिन जळून दोन-तीन दिवस वास आणि थोडा धूर येतो. त्या वेळी शेडची दारं उघडी ठेवा आणि आग हळूहळू वाढवा, एकदम नाही. आणि चिमणीच्या अगदी तळाच्या पत्र्याला खालच्या बाजूला एक छोटं भोक ठेवायला सांगा. पहिला जोराचा पाऊस पडून गेला की तिथे बोट लावून बघा. ओलं असेल तर वरच्या कॉलरपासून शोधायला सुरुवात करा, आणि चिमणीला फ्लँज आहेत का, रस्ता किती रुंद आहे, ते कळवा, मग हायड्रा की परांची ते नीट सांगता येईल.